भिंगरीची सोबतीण

ओळखपत्रावर त्याचं एक भारदस्त नाव होतं, पण ते कधी कुणाच्या उपयोगी पडलं नाही. धक्क्यावर सगळे त्याला भिंगरी म्हणत. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नसणार. त्याच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की कुणालाही हेच सुचलं असतं. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण माणूस एका जागी ठरेल तर शपथ. जेवायला बसला की दोन घासांनंतर उठून खिडकीतून समुद्राचा रंग बघून यायचा. न्हाव्याच्या खुर्चीत त्याने दोनदा कान कापून घेतला होता. लग्नाच्या फोटोत सगळे नातेवाईक स्वच्छ दिसतात, नवरा तेवढा धुरकट. बायको तो फोटो आल्यागेल्याला दाखवायची आणि म्हणायची, "मी कुणाशी लग्न केलं ते मला अजून नीट दिसलेलं नाही."

हा माणूस अठ्ठावीस वर्षं एका डायव्हिंगच्या दुकानाची बोट चालवत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या स्वभावाला यापेक्षा वाईट नोकरी शोधून सापडली नसती. कारण हे काम म्हणजे वाट बघणं. पाहुणे पाठीवर सिलिंडर बांधून उड्या मारतात आणि मग पाऊण तास वरच्या माणसाला पाण्याशिवाय काही दिसत नाही. त्यातून तिथला समुद्र ओढीचा. पाणी उबदार, निळं, खाली प्रवाळाची लांबच लांब भिंत, आणि त्या भिंतीला घासून वाहणारा प्रवाह. खाली गेलेल्याने पाय मारायचेच नाहीत. पाणी त्याला भिंतीलगत वाहून नेतं आणि तो गाडीच्या खिडकीशी बसल्यासारखा बघत जातो. जिथे उडी मारली तिथे कुणीच वर येत नाही. कधी मैलभर पुढे, कधी दीड मैल. बोटीने मागे मागे जायचं आणि ते वर येतील तिथे हजर असायचं. त्या भिंतीच्या टोकाला शेपटी म्हणत, आणि शेपटीच्या पुढे नुसता समुद्र होता.

खालची माणसं कुठे आहेत हे वरच्याला कळतं ते त्यांच्या बुडबुड्यांवरून. पण वारा सुटला, लाटांना फेस आला, की बुडबुडे कुठले आणि फेस कुठला हे ओळखताना भल्याभल्यांचे डोळे दगा देतात. त्यासाठी तिथल्या बोटवाल्यांची एक जुनी रीत होती. शेवटच्या माणसाने उडी मारली की त्याच जागी लाल, पारदर्शक प्लॅस्टिकची एक बाटली पाण्यात सोडायची. तिला सगळे सोबतीण म्हणत. ती प्यायच्या पाण्याने काठोकाठ भरलेली असे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे बाटली बुडत नाही. पण इतकी जड होते की फक्त झाकण वर डोकावतं. वाऱ्याला धरायला काही उरतच नाही. मग ती वाऱ्याचं ऐकत नाही, फक्त प्रवाहाचं ऐकते, आणि खालच्या माणसांच्या सोबतीने त्याच वेगाने पुढे जाते. बुडबुडे दिसेनासे झाले की सोबतिणीच्या मागे राहायचं. तिने अठ्ठावीस वर्षांत भिंगरीला कधी फसवलं नव्हतं.

पण त्याचा विश्वास कुणावर बसेल तर ना. तो सोबतिणीच्या मागे राहायचा, आणि तरी दर पाच मिनिटांनी इंजिन सुरू करून चकरा मारायचा. एक चक्कर डावीकडून, एक उजवीकडून. मधेच छतावर चढायचा, मधेच पालथा पडून पाण्यात डोळे खुपसायचा. एकोणिसाव्या वर्षी अडकलेला नांगर सोडवायला घाईघाईने खाली गेला आणि डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून त्याला पाण्याखाली जायला बंदी. ज्या भिंतीवरून त्याने हजारो माणसं नेली ती त्याने एकदाही पाहिली नव्हती. त्याला समुद्राचं फक्त वरचं माहीत. खालचं जे माहीत ते लेकीने सांगितलेलं.

लेक एकुलती एक. चोवीस वर्षांची, बापासारखीच काटक, पण स्वभावाने आईवर गेलेली. तिची आई घरी डायव्हिंगचे फाटलेले रबरी सूट दुरुस्त करायची. दिवसभर एका स्टुलावर बसून डिंकाचा ब्रश फिरवायची आणि उठायची ती काम संपल्यावरच. लेकही तशीच. एक काम धरलं की धरलं. तीन वर्षं ती दुसऱ्या गाईडच्या हाताखाली, गटाच्या शेवटी पोहत होती. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः जुन्या डायव्हर, आता सांध्यांनी जमिनीवर आणून बसवलेल्या. त्यांच्या ऑफिसात एक फळा होता. त्यावर वरच्या ओळीत मुख्य गाईडच्या नावांच्या लाकडी पट्ट्या, पाच खिळ्यांना चार. एक खिळा दोन महिने रिकामा होता. बाईंनी लेकीला सांगितलं, "शेपटीवर एकटीने सहा जणांना ने आणि आण. आलीस की पट्टी लावते."

म्हणजे सगळं त्या एका फेरीवर होतं. लेक शांत झोपली. बाप रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, शेवटी बायको म्हणाली, "अहो, परीक्षा तिची आहे. तुम्ही कशाला पेपर लिहिताय?"

सकाळी धक्क्यावर लेक सिलिंडरचे काटे तपासत होती. भिंगरी तिने तपासलेले काटे परत तपासत होता.

"बाबा, आज माझं एक ऐकाल?"

"दोन ऐकतो. बोल."

"आज चकरा मारू नका. खाली इंजिनाचा आवाज डोक्यात घुमतो, पाहुणे घाबरतात. सोबतिणीच्या मागे राहा, इंजिन बंद ठेवा आणि बसा."

"बसू?"

"बसा. लोक बसतात, बाबा."

भिंगरीने मान डोलावली. लेकीने आजवर त्याच्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. आज मागितलं तेही एवढंसं, आणि ते द्यायचंच असं त्याने मनाशी पक्कं केलं. आपण बसायचं. हात मांडीखाली घालू, जीभ चावू, पण बसू.

शेपटीला पोचायला पाऊण तास लागतो. पाहुणे सहा. त्यांतले पाच जण आपापल्या मास्कवर थुंकून काचा पुसण्यात गुंतलेले, सहावे एक दाताचे डॉक्टर. ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. प्रवाह किती जोरात असतो, वर कसं यायचं, वर आल्यावर काय. लेकीने त्यांना दोन्ही वेळा सारख्याच स्वरात उत्तर दिलं. "चाळीस मिनिटांनी मी नारिंगी फुगा वर सोडेन. बाबांना तो दिसेल. आपण वर येऊ तेव्हा बोट शेजारी असेल." डॉक्टरांनी वळून भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने छाती फुगवली. 

आतून त्याच्या घशाला कोरड पडलेली. आणि त्या दिवशी घरून निघायच्या घाईत पाण्याचा थर्मास फळीवरच राहिला. बोटीत हाताशी काय, तर सुकाणूशेजारच्या खाचेत उभी केलेली सोबतीण. त्याने झाकण फिरवून एक घोट घेतला. मागे कॅमेरे धुवायचा गोड्या पाण्याचा पिंप होता, त्यातून परत भरू म्हणाला. थोड्या वेळाने आणखी एक घोट. वाटेत लेक पाहुण्यांना खुणा शिकवत होती, तिचा आवाज ऐकता ऐकता त्याने बाटली चारदा की पाचदा तोंडाला लावली, त्याचं त्यालाच कळलं नाही. काही माणसं काळजीत नखं खातात. भिंगरीने सोबतीण प्यायली.

जागा आली. पाहुणे एकामागून एक पाठीमागे कलंडून पाण्यात पडले. लेक शेवटची. काठावर बसून तिने बापाकडे पाहिलं, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, सगळं ठीक आहे म्हणून. मग तीही गेली. भिंगरीची नजर ती गेली त्या जागेवर खिळलेली, आणि डाव्या हाताने अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने बाटली उचलून त्याच जागी सोडली. हाताला ती हलकी लागायला हवी होती. लागलीही असेल. पण त्या क्षणी तो हात कुणाचा होता देव जाणे, भिंगरीचा नव्हता.

नऊ वाजून दहा मिनिटं. त्याने इंजिन बंद केलं आणि बसला.

बसणं हे किती कष्टाचं काम आहे हे ज्यांना रोज जमतं त्यांना कळायचं नाही. तो इंजिनाच्या पेटीवर बसला, हात मांडीखाली, डोळे लाल बाटलीवर. पहिली दोन मिनिटं बुडबुडे दिसले, मग वारा वाढला, सगळीकडे पांढरा फेस झाला आणि बुडबुडे हरवले. तो उठला नाही. सोबतीण होती ना. ती उत्तरेकडे चालली होती. भिंत दक्षिणेकडे जाते, पण शेपटीपाशी ओहोटी लवकर लागली की प्रवाह उलटा फिरतो, हे त्याने खूपदा पाहिलं होतं. आज लवकर फिरला म्हणायचं. आणि एक नवल म्हणजे आज इंजिन लावायची गरजच पडत नव्हती. बोट आणि बाटली जोडीने चालल्या होत्या, जणू दोघींना एकाच दोरीने ओढलंय. एरवी बंद बोट वाऱ्याने एकीकडे जाते, सोबतीण प्रवाहाने दुसरीकडे, आणि तिला गाठायला धावावं लागतं. आज तसं काही नाही. समुद्रानेसुद्धा लेकीचं ऐकलं, असं त्याला वाटलं. त्याला चक्क बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो बोटीत बसून लांबवर नुसता बघत राहिला.

नऊ पन्नासला फुगा वर यायला हवा होता. नऊ पंचावन्नला तो उभा राहिला. दहाला छतावर चढला. चारी बाजूंना फेसच फेस, नारिंगी काही नाही. मग त्याने इंजिन लावलं, आणि सोबतिणीला आकडीने जवळ ओढून बघावं म्हणून तिच्यापाशी गेला.

बाटली आडवी पडून तरंगत होती. झाकण वर डोकावायचं सोडाच, अख्खं लाल पोट पाण्यावर, आणि तळाशी चार बोटं पाणी हिंदकळत होतं. वारा तिला ढकलत होता आणि ती खुशाल घरंगळत होती.

 पन्नास मिनिटं तो प्रवाहाच्या मागे गेलाच नव्हता. वाऱ्याच्या मागे गेला होता. बोटही वाऱ्यावर, बाटलीही वाऱ्यावर, म्हणून तर जोडीने चालल्या होत्या. कुठल्याही शिकाऊ नावाड्याच्या लक्षात आलं असतं. प्रवाह उलटा फिरलाच नव्हता. लेक सहा माणसांना घेऊन दक्षिणेला गेली होती, शेपटीवरून पुढे, आणि तिने वर येऊन बघितलं असेल तेव्हा शेजारी बोट नव्हती.

त्याने बाटली बोटीत फेकली, पूर्ण वेगाने दक्षिणेला वळला आणि वायरलेस तोंडाला लावला. गट दिसत नाही म्हणाला. बाईंचा आवाज लगेच आला, "शेवटचे बुडबुडे कुठे पाहिलेस?"

"उडी मारली तिथेच."

"आणि सोबतीण?"

"उत्तरेला गेली."

"मग सगळ्या बोटी उत्तरेला पाठवते."

"नको. उत्तरेला नाही. दक्षिणेला पाठवा, शेपटीच्या बाहेर."

"सोबतीण उत्तरेला गेली म्हणतोस, आणि बोटी दक्षिणेला?"

"बाई, मी सांगतो ना. दक्षिणेला."

बाईंनी पाठवल्या. कारण विचारायला वेळ नव्हता, आणि भिंगरीने ते सांगितलं नाही. तो मनात हिशोब मांडत होता. वर यायची वेळ, प्रवाहाचा वेग, लाटांवर माणूस किती सरकतो. हिशोब जमला की दुसऱ्या क्षणी विस्कटत होता, कारण मधेच लेकीचा चेहरा येत होता, आठ वर्षांची असताना याच बोटीच्या काठावरून पाय सोडून बसलेली. दात इतके घट्ट आवळलेले की नंतर दोन दिवस जबडा दुखला. आता तो चकरा मारत नव्हता. पहिल्यांदाच त्याची बोट सरळ रेषेत चालली होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी, शेपटीच्या सव्वा मैल बाहेर, लाटांच्या मधोमध त्याला गाजराएवढं काहीतरी दिसलं. मग लाट आली आणि गेलं. मग परत दिसलं.

लेकीने सगळ्यांना फुग्याच्या दोरीने एकमेकांना बांधून घेतलं होतं, गोल करून, तोंडं आत. सव्वा तास पाण्यात राहूनही कुणी सुटं झालं नव्हतं. पाहुण्यांतली एक बाई रडून रडून थकली होती, आणि डॉक्टर बाकीच्यांना दात कसे घासावेत ते सांगत होते. लेकीनेच त्यांना विचारलं होतं म्हणे, घाबरलेल्या माणसाला त्याचं काम विचारलं की तो भानावर येतो. बोट लागली तेव्हा ते मागच्या दाढांपर्यंत पोचले होते.

शिडीवरून एकेक जण चढू लागला. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची भिंगरीची पद्धत होती. एक, दोन, तीन. सहाव्यानंतर लेक वर आली. तिचे ओठ मिठाने फुटले होते. सात, म्हणून त्याने तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला, आणि तो हात काढायला त्याला वेळ लागला.  खाली वाकून तिने फिन्स काढल्या, आणि तिथेच तिच्या पायाशी ती लाल बाटली लोळत आली.

तिने बाटली उचलली. उजेडात धरली. तळाचं चार बोटं पाणी बघितलं. या बोटीवर लहानाची मोठी झालेल्या मुलीला त्याचा अर्थ सांगायला नको होता. मग तिने बाटली पुढच्या कप्प्यात, दोरखंडांच्या खाली सारली आणि पाहुण्यांना टॉवेल वाटायला गेली.

ऑफिसात बाईंनी पाहुण्यांची माफी मागून त्यांना चहा दिला आणि लेकीला आतल्या खोलीत बोलावलं. भिंगरी दारात उभा.

"फुगा कधी सोडलास?" बाईंनी विचारलं.

लेकीने चाळीसाव्या मिनिटाला सोडला होता, सांगितलेल्या वेळेलाच. ती म्हणाली, "उशीर झाला. प्रवाह जोरात होता, मी नादात राहिले. वर सोडला तोवर शेपटी मागे पडली होती. बाबांना दिसणं शक्यच नव्हतं. माझी चूक आहे."

 टेबलावर रंग नुकताच वाळलेली लाकडी पट्टी होती, लेकीच्या नावाची. बाईंनी ती उचलून खणात ठेवली. "वर्षभर परत मागे पोहायचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

भिंगरीने तोंड उघडलं. परत मिटलं. ज्या माणसाला झोपेतसुद्धा गप्प राहता येत नाही, तो तिथे खांबासारखा गप्प उभा राहिला. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, बोट हातची गेली नाही म्हणून. त्या सुटकेची त्याला जास्तच लाज वाटली. लेक त्याच्या अंगावरून बाहेर निघून गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते तिने मुद्दाम केलं हे त्याला कळलं.

तो धक्क्यावर गेला. बोटीची दोरी बांधली. सोडली. परत बांधली. कॉम्प्रेसरच्या खोलीत डोकावला, सिलिंडर भरणाऱ्याने विचारलं, काय हवंय, तर काही नाही म्हणाला. परत धक्क्यावर आला, दोरी सोडली, बांधली. असं करत करत दुपारचे तीन वाजले. मग त्याने पुढच्या कप्प्यात हात घातला.

बाई एकट्याच बसल्या होत्या, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. भिंगरीने बाटली त्यांच्या टेबलावर उभी केली.

"बाई, हिच्यातलं पाणी मी प्यायलो."

दुसऱ्या कुणाला हे वाक्य वेड्यासारखं वाटलं असतं. बाईंनी बाटली हातात घेतली, हलवली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. वायरलेसवरचं दक्षिणेचं कोडं त्यांना तिथल्या तिथे सुटलं.

"किती वेळ वाऱ्यामागे होतास?"

"पन्नास मिनिटं. पोरीने फुगा वेळेवर सोडला. पाहुण्यांच्या मनगटावरची डायव्हिंगची घड्याळं बघा, कधी खाली गेले, कधी वर आले, सगळं त्यात नोंदलेलं असतं. तिने मला वाचवायला स्वतःवर घेतलं."

"आणि तू घेऊ दिलंस."

"हो."

बाई रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी खण उघडून पट्टी काढली, गुडघा धरत उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि रिकाम्या खिळ्याला ती लावली. मग म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते मी ठरवणार नाही. इथली पद्धत तुला माहीत आहे. वर कोण असावं ते खाली जाणारा ठरवतो. आता ती मुख्य गाईड आहे. तिला विचारते."

भिंगरी घरी आला तो जवळजवळ पळतच. चूक कबूल केल्यावर माणसाला वाटतं की झालं, फिटलं. त्यालाही तसंच वाटत होतं. महिनाभर धक्क्यावर झाडू मारू, मग परत बोट. लेक नाही कशाला म्हणेल? ती त्याच्यासाठी खोटं बोलली होती. एवढं करणारी पोर बापाला बोटीवरून उतरवेल होय?

घरात डिंकाचा वास भरलेला. बायको स्टुलावर बसून एका सुटाच्या कोपराला ठिगळ लावत होती. तिच्या समोर लेक, केस अजून दमट. बाईंचा फोन येऊन गेला होता हे दोघींच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"पट्टी लागली," भिंगरी म्हणाला. "मी बघितली. स्वतःच्या डोळ्यांनी."

"कळलं मला." लेक म्हणाली. "तुम्ही सांगायला नको होतं असं मला आधी वाटलं. आता बाईंच्या लेखी मी खोटारडी आहे. पण सांगितलंत ते बरं केलंत."

"मग उद्या सांग त्यांना. महिनाभर मी काठावर राहतो. दोन महिने म्हणालीस तरी चालेल." तो खिडकीपाशी गेला, परत आला, दार नीट लागलंय का बघितलं.

"बाबा, बसा."

तो बसला.

"पाहुणे कधीच घाबरत नव्हते," लेक म्हणाली. "त्यांना वाटतं इंजिन असंच वाजतं. आवाजाने मी घाबरायचे. तीन वर्षं. वर तुमचं इंजिन फिरायला लागलं की मला खाली सगळं दिसायचं. आता बाबा उठले, आता घड्याळ बघितलं, आता छतावर चढले. मी पाहुण्यांकडे बघायचं सोडून तुमची काळजी करायचे. काळजी केली की श्वास वाढतो, बाबा. तुम्ही वर असताना माझी हवा नेहमी सगळ्यांच्या आधी संपत आली. मला वाटायचं माझ्यातच काही खोट आहे. मग मागच्या महिन्यात मी दुसऱ्या बोटीने गेले, बघायला. दुप्पट हवा उरली."

"मला बोलली नाहीस."

"कसं बोलणार? तुम्ही माझ्यासाठीच चकरा मारत होतात."

 "आणि आज?" त्याने विचारलं.

"आज वर काही आवाज नव्हता. मला वाटलं, बाबा बसले. खरंच बसले. आज पहिल्यांदा मी ती भिंत नीट बघितली. चाळीस मिनिटांनी फुगा सोडला तेव्हा हवेचा काटा दोनशेपैकी एकशेदहावर होता. एवढी हवा तुमच्या बोटीवर माझी कधीच उरली नव्हती."

"पण बोट नव्हती तिथे. पोरी, मी तिथे नव्हतो."

"हो. मग घाबरले मी. खूप घाबरले. पण ते समुद्राला घाबरणं होतं. ते मला जमतं."

बायकोचा ब्रश थांबला होता. डिंक सुकून चालला तरी तिने तो उचलला नाही.

"बोटीवर मी दुसऱ्याला घेते, बाबा," लेक म्हणाली.  "बाटलीमुळे नाही. बाटली कुणाचीही चुकेल. आणि महिन्यापुरतंही नाही."

अठ्ठावीस वर्षं वर थांबून आपण लोकांना सांभाळलं, आणि त्यांतही हिला सगळ्यात जास्त, असं धरून तो जगला होता. त्याला म्हणायचं होतं की मी बदलेन, बसायला शिकेन, आज बसलोच होतो की. हे सगळं ओठांपर्यंत आलं. तो अर्धवट उठलासुद्धा. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती, खांदे वर ओढून, श्वास रोखून.

"घे," भिंगरी म्हणाला.

तिने इतका लांब श्वास सोडला की तिची आईही वळून बघायला लागली. त्या श्वासात दुःख होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त सुटका होती, आणि ती ऐकून भिंगरीला रडू फुटलं.